तोफेचा गोळा, गाजरगवत आणि गाविलगड

२०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' लागला, त्या आठवड्यात आमच्या गावातली पोरे दोन काळ्या-पिवळ्या भरून अमरावतीला गेली. त्याच्या आधी काही दिवस चित्रपटाच्या झलकेतील लेझमीच्या दृश्यावरून राज्यभर वाद झाला होता. छत्रपती संभाजी महाराजांना असे नाचताना दाखवणे योग्य नाही, असा आक्षेप आला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकले. पोरे परतल्यावर दुसऱ्या दिवशी पारावर हाच विषय निघाला. लेझीम होती की नव्हती, असती तर कशी असती, यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. शेवटी नववीतल्या एका मुलाने मला, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला, विचारले, "गुरुजी, पिक्चरमंधी तोफीचा गोळा पडला का आगच लागते. खरंच लागे का हो?"

हा प्रश्न मला लेझमीच्या वादापेक्षा मोलाचा वाटला. लेझमीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाचे मत आधीच ठरलेले होते. या मुलाला मात्र काय घडले असेल ते खरोखर जाणून घ्यायचे होते. इतिहासावरचा चित्रपट कितपत खरा आहे हे पाहायचे असेल, तर अशाच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

आधी, इतिहास कळतो तरी कसा?

आपल्याकडे धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, भांडण कोणत्याही गावाला नवे नाही. समजा, असे एखादे प्रकरण तहसीलमध्ये गेले. तेथे पहिल्यांदा मागतात तो सातबारा आणि जुना फेरफार, म्हणजे जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली त्या वेळी झालेली नोंद. त्यानंतर एखादा म्हातारा उभा राहून आपल्या वडिलांनी हे वावर कसे घेतले होते ते सांगतो. त्याचे सांगणे खोटेच असते असे नाही, पण मधल्या पन्नास वर्षांत त्यात काही गळलेले असते आणि काही मिसळलेले असते. आता त्याच म्हाताऱ्याची गोष्ट ऐकून नातवाने गणेशोत्सवात एक नाटिका बसवली आणि त्या नाटिकेचा व्हिडिओ कोणी तहसीलदारापुढे पुरावा म्हणून ठेवला, तर काय होईल ते सांगायला नको.

इतिहासातही असेच थर असतात. घटनेच्या काळातच, कुठल्या तरी कामापुरता लिहिला गेलेला कागद, म्हणजे पत्र, हिशेब, सनद, याला अस्सल साधन म्हणतात. तो आपला फेरफार. घटना होऊन गेल्यावर आठवणींवरून किंवा कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेली हकीकत म्हणजे बखर. तो आपला म्हातारा. म्हातारेही सगळे सारखे नसतात. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९७ ची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांची. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनंतरची. त्यानंतर पोवाडे, कादंबऱ्या आणि अगदी शेवटी चित्रपट. 'छावा'चेच पाहा, तो शिवाजी सावंत यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर बेतलेला आहे. त्यात निर्मात्याचे काही चुकले असे नाही. अस्सल पत्रांत माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, रडत नाहीत. तेथे असते ती दाण्या-वैरणीची मागणी, नाही तर एखाद्या वतनाचा निवाडा. संवाद हवे असतील तर कादंबरीकडेच जावे लागते.

मधल्या थरांत काय मिसळते याचे एक उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला, हे पक्के आहे. पण सभासदाच्या बखरीतले मावळे वानरासारखे कडा चढून जातात. दोर बांधलेली घोरपड आपल्याला भेटते ती पोवाड्यात. आज घोरपडीशिवाय तो प्रसंग दाखवला तर प्रेक्षकालाच काही तरी चुकल्यासारखे वाटेल.

वस्तू चुकतात तेव्हा

एका काळातील वस्तू दुसऱ्या काळात दिसणे याला कालविपर्यास म्हणतात. शब्द एवढ्यापुरताच, पुढे त्याला 'काळाची चूक' म्हणू. या चुका पकडण्यात शहरातल्या समीक्षकापेक्षा कास्तकार तरबेज असतो. शत्रूची घोडदळे दौडत येतात आणि मागे रानभर गाजरगवत पांढरे फुललेले असते, ही चूक ज्याने ते गवत उपटता उपटता हाताला खाज आणून घेतली आहे त्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. गाजरगवताची आपल्याकडे नोंद झाली ती १९५० च्या दशकात, पुण्याजवळ. ते आयात केलेल्या गव्हाबरोबर आले असे मानले जाते. विदर्भात सोयाबीन रुजले ते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका ही सगळी अमेरिका खंडातली पिके पोर्तुगीजांच्या येण्यानंतर इकडे पोहोचली, त्यामुळे देवगिरीच्या यादवांच्या ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा दिसला तर तो चुकीचा आहे, मग भिवापुरी मिरचीचा आपल्याला कितीही अभिमान असो.

आता त्या मुलाचा प्रश्न. सतराव्या आणि अठराव्या शतकांतल्या बहुतेक तोफा घन गोळे मारीत. गोळा म्हणजे दगडाचा किंवा लोखंडाचा भरीव गोटा. त्याच्या पोटात दारू नसे, त्यामुळे तो फुटत नसे आणि आगही लावत नसे. आग आणि धूर निघे तो तोफेच्या तोंडातून. ज्याला अठरा पौंडी म्हणत तो गोळा साधारण आठ किलोचा. तो माणसांच्या रांगेत शिरला तर सरळ आरपार जाई, जमिनीवर आपटून उसळे आणि पुन्हा पुढे जाई. फुटणारे गोळेही होते, पण ते मुख्यतः उखळी तोफांमधून उंच उडवून टाकले जात. पडद्यावर प्रत्येक गोळ्यागणिक जो आगीचा लोळ उठतो, तो आपल्या काळातल्या इंधनाचा आणि संगणकाचा.

मग याने बिघडते काय? ठेच्याने काही बिघडत नाही. गोळ्याने मात्र थोडे बिघडते, कारण गोळा फुटत नाही हे कळले नाही तर किल्ला कसा पडतो ते कळत नाही. दुधात पाणी घालणे आणि युरिया घालणे या दोन्हींना आपण भेसळच म्हणतो, पण दोन्हींची तक्रार सारख्या आवाजात करीत नाही. काळाच्या चुकांकडेही असेच पाहावे. एखादी गोष्ट बदलल्यामुळे घटनेमागचे कारण बदलले का, एवढे विचारले की पाणी कोणते आणि युरिया कोणता हे बरेचसे उलगडते.

गाविलगडावर चित्रपट काढायचा ठरवला तर

हे आपल्याच मातीवर तपासून पाहू. चिखलदऱ्याला सहलीला जाणारे बहुतेक जण गाविलगड पाहतात, दरवाजावरची शिल्पे बघतात, फोटो काढतात आणि परत येतात. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावजवळ नागपूरकर भोसल्यांची आणि शिंद्यांची फौज ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेकडून हरली. कंपनीचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. तेथून मागे हटलेल्या भोसल्यांच्या पायदळाने गाविलगडाचा आश्रय घेतला. किल्लेदार बेनीसिंग हा राजपूत होता. १५ डिसेंबरला किल्ला पडला, बेनीसिंग लढता लढता मारला गेला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत कंपनीकडे गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे. आपल्यापैकी काहींचे पणजोबा ज्या मुलखाला मोगलाई म्हणत, त्या गोष्टीचा एक धागा या किल्ल्याशी असा जोडलेला आहे.

चित्रपटासाठी मसाला भरपूर आहे. मी पटकथाकार असतो तर सुरुवात बेनीसिंगच्या तलवारीने केली असती, मध्यंतराला फितुरी घातली असती आणि शेवटी आगीचे लोळ. आता कागद काय सांगतात ते पाहू. दक्षिणेच्या बाजूने किल्ल्यावर चढणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी डोंगराला वळसा घालून उत्तरेकडे, लाबडा गावाच्या बाजूला गेली. तोफा नेण्याजोगा रस्ताच नव्हता. तो शिपायांनी स्वतः करायचा आणि मग त्यावरून, चढावरून आणि नाल्यांमधून, तोफा हातांनी ओढायच्या, असे ७ डिसेंबरपासून १२ डिसेंबरपर्यंत चालले होते. त्यानंतर घन गोळ्यांनी भिंतीच्या ठरलेल्या जागीच पुन्हा पुन्हा मारा झाला. भिंत कोसळली की तिच्याच दगडांचा उतार तयार होतो आणि त्यावरून माणूस चढू शकतो; यालाच खिंडार म्हणतात. पंधरा तारखेला त्या खिंडारातून फौज बाहेरच्या कोटात शिरली. आतल्या कोटाला मात्र खिंडार नव्हते. तेथे कॅप्टन कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या तुकडीसह शिड्या लावून भिंत ओलांडली आणि आतून दरवाजा उघडला.

यात फितुरी कोठेच नाही. किल्ला पडला तो सहा दिवस केलेल्या रस्त्यामुळे, आणि रस्ता करणाऱ्यांच्या पोटाला अन्न मिळत होते त्यामुळे. ते अन्न कोण आणत होते? वेलस्लीच्या मोहिमांत धान्याचा पुरवठा मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर अवलंबून असे. यवतमाळ-वाशीमकडे ज्यांचे तांडे आज वस्ती करून आहेत त्या समाजाचे पूर्वज या युद्धकथांत पडद्यावर कोठे दिसतात का? धान्याच्या गोण्या वाहणारा बैल कॅमेऱ्याला रुचत नाही. फितूर मात्र लगेच रुचतो. आपण का हरलो याचे उत्तर 'कोणीतरी दगा दिला' असे एका वाक्यात मिळाले की रस्ता, तोफ, धान्य आणि पगार यांबद्दल विचार करण्याचे कष्ट वाचतात. युरिया म्हणतो तो हा.

"पण अडीच तासांत सगळे बसवायचे कसे?"

हा आक्षेप रास्त आहे. सहा दिवसांचा रस्ता दोन मिनिटांत दाखवावा लागणार, तीन अधिकाऱ्यांचा एक करावा लागणार, त्याबद्दल कोणी रागावू नये. स्वयंपाकात आटवणे असतेच. दूध आटवले तर खवा होतो. त्यात मैदा मिसळला तर वजन वाढते, पण तो खवा राहत नाही.

स्कॉटलंडमधील स्टर्लिंगच्या पुलाची लढाई १२९७ ची. इंग्रज फौजेला अरुंद पुलावरून येणे भाग होते. अर्धी फौज अलीकडे आल्यावर स्कॉट सैन्य तिच्यावर तुटून पडले आणि मोठ्या सैन्याचा पराभव झाला. 'ब्रेव्हहार्ट' या १९९५ च्या गाजलेल्या चित्रपटात ही लढाई आहे, पण पूल नाही. मोकळ्या माळावर लढाई होते. चित्रीकरणाला ते सोयीचे असेल. पण पूल गेला तेथे जिंकण्याचे कारणच गेले, आणि उरली ती फक्त आरडाओरड व शौर्य. पेहरावांवर त्या चित्रपटाची पुष्कळ टिंगल झाली आहे. माझ्या मते पूल गाळणे त्याहून मोठी चूक आहे.

आपल्याकडचे उदाहरण 'बॉर्डर'चे. १९९७ चा तो चित्रपट गावोगाव व्हिडिओवर पाहिला गेला आणि पंधरा ऑगस्टला त्याची गाणी अजून वाजतात. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या ठाण्यावर सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांना रात्रभर थोपवले आणि सकाळी वायुदलाच्या हंटर विमानांनी ते रणगाडे टिपले, हा गाभा त्यात आहे. पण पडद्यावर एकामागून एक वीर धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात त्या ठाण्यावर दोन भारतीय जवान शहीद झाले. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड चित्रपटात त्यांच्याच नावाने हुतात्मा होतात. ते प्रत्यक्षात डिसेंबर २०२२ पर्यंत हयात होते. पाणी की युरिया, हे इथे मला चटकन सांगता येत नाही. त्याग ठसवण्यासाठी मृत्यू वाढवले, हे समजते. पण इतक्या थोड्या माणसांनी इतके थोडे गमावून ठाणे राखले, यात नेतृत्वाचे आणि जागेच्या निवडीचे जे कौतुक आहे ते अश्रूंत वाहून गेले. आणि जिवंत माणसाला त्याच्या नावानिशी मारणे, हे त्याच्या गावात बसून पाहिले तर कसे वाटत असेल?

"सिनेमा आहे तो, इतिहासाचे पुस्तक नाही"

हेही अनेक जण म्हणतात, आणि याचे उत्तर आपल्या झाडीपट्टीत आहे. धान निघाले की वडसा, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भागांत रात्र-रात्र नाटके चालतात. तेथे बादशहाच्या मुकुटाचा पत्रा दुरूनही ओळखू येतो, आणि तलवार वाकली तर प्रेक्षक हसून पुढचे पाहतात. कोणाचीही फसवणूक होत नाही, कारण मंडपच ओरडून सांगत असतो की हे नाटक आहे.

आजचा चित्रपट असे काही सांगत नाही. तो पटावा यासाठीच सगळा खर्च केलेला असतो: हुबेहूब चिलखत, धुळीने माखलेले चेहरे, संगणकावर उभारलेले बुरूज, वर तारीख आणि ठिकाण यांची पाटी. एवढे सगळे 'खरे वाटावे' म्हणून करायचे आणि चूक दाखवली की 'अहो, कल्पना आहे ती' म्हणायचे, हे दोन्ही दगडांवर पाय ठेवणे झाले. वस्तू जितक्या अचूक, तितका प्रेक्षक त्यांच्या मागून येणाऱ्या कारणांवरही विश्वास ठेवतो. चिलखताची अचूकता म्हणूनच मला कधीकधी अधिक काळजीची वाटते.

"खोटे असते तर सेन्सॉरने अडवले नसते का?"

नाही. चित्रपटाला प्रमाणपत्र मिळते ते १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली, आणि त्यात पाहायच्या बाबी आहेत देशाची सुरक्षा, सार्वजनिक शांतता, सभ्यता, बदनामी अशा. एखादी लढाई खरोखर तशी झाली का, हा त्या मंडळाचा प्रश्नच नाही. गाडीचा विमा असला म्हणजे चालकाला रस्ता माहीत आहे, असे कोणी मानत नाही. सुरुवातीला झरझर सरकणारी सूचना, जी वाचेपर्यंत निम्मे लोक खुर्ची शोधत असतात, ती मात्र वाचण्यासारखी असते. 'अमुक कादंबरीवर आधारित' आणि 'सत्य घटनांवरून प्रेरित' यांत दोन शिवारांइतके अंतर आहे. 'प्रेरित' म्हटले की निर्मात्याने आपले हात बहुतेक मोकळे करून घेतले असे समजावे.

कोण कसे बोलते

वेशभूषेवर वाद होतात, पण बोलण्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पडद्यावर मराठे शुद्ध संस्कृतप्रचुर बोलतात आणि मोगल उर्दू. सतराव्या शतकातली मराठी पत्रे पाहिली तर ती फारसी शब्दांनी भरलेली आहेत. म्हणून तर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश, करवून घेतला, आणि राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सरनौबताचा सेनापती झाला. तो प्रयत्न का करावा लागला, हेच शुद्ध बोलणाऱ्या पात्रांमुळे प्रेक्षकाला कळत नाही. तसे पाहिले तर आपण स्वतःला कास्तकार म्हणतो, तहसीलला जातो, जमिनीचा फेरफार मागतो; यांतला कोणता शब्द आपला नाही? भाषा दोन रंगांत वाटून टाकली की माणसेही दोन रंगांत वाटली जातात, आणि भोसल्यांच्या किल्ल्याचा किल्लेदार राजपूत कसा, असा प्रश्न मुले आश्चर्याने विचारू लागतात.

आमचे नाटक

हे सगळे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे, त्याला एक कारण आहे. नोकरीत असताना मी शाळेच्या स्नेहसंमेलनात गाविलगडाचा वेढा बसवला होता. कंपनीच्या फौजेतल्या वीस मुलांना लाल कापडाचे डगले शिवले आणि प्रत्येकाच्या तोंडाला डबाभर पावडर फासली. तोफेसाठी पत्र्याचा पाइप आणि आत सुतळी बॉम्ब. टाळ्या भरपूर पडल्या. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, विलायतेतून एवढे लोक आले, तर त्यांच्या वावरात काम कोणं केलं?"

मी तिला उत्तर देण्यासाठी पुस्तके काढली आणि माझ्या नाटकातली चूक मला तेव्हा दिसली. वेलस्लीच्या फौजेत गोऱ्या पलटणी थोड्या होत्या. बहुसंख्य शिपाई याच देशातले होते, पगारावर आलेले. अडगावच्या लढाईत सुरुवातीला भोसल्यांच्या तोफांच्या माऱ्याने बिथरून मागे पळालेल्या तीन पलटणीही अशाच शिपायांच्या होत्या, आणि त्यांना पुन्हा रांगेत उभे करावे लागले होते. माझ्या वीस पांढऱ्या तोंडांनी ही सगळी माणसे एका फटक्यात पुसून टाकली होती. डगले चुकले असते तरी चालले असते. मी कारण चुकवले होते.

पुढच्या वर्षी तेच नाटक पुन्हा बसवले. सुतळी बॉम्ब काढला. त्याऐवजी मुलांनी मातीच्या विटांची भिंत रचली आणि दगडी गोटे मारून ती एकाच जागी पाडली, तेव्हा खिंडार म्हणजे काय ते समोर बसलेल्या गावाला न सांगता कळले. चार मुले धान्याच्या गोण्या घेऊन रंगमंचावरून नुसतीच इकडून तिकडे गेली, आणि त्यांना का घेतले असे मुख्याध्यापकांनी मला दोनदा विचारले. शिड्या लावणाऱ्या कॅम्पबेलच्या तुकडीतल्या तीन मुलांना पावडर लावली, बाकीच्यांना नाही. डबा पाऊणच्या वर शिल्लक राहिला.